केव्हा फुटेल, आणि कुठवर येईल?

गेल्या महिन्यात ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या वेधशाळांबद्दल या पानावर थोडं लिहिलं आणि उत्तरादाखल पत्रांचा ढीग आला. बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे: तारीख. माझी सगळी नोकरी भूकंपाच्या नोंदी वाचण्यात गेली. सुरुवातीला फिरत्या ड्रमवरचा कागद आणि शाईची सुई, पुढे संगणकाचा पडदा. ‘मॅडम, केव्हा?’ हे तेव्हाही साहेब लोक दारातूनच विचारायचे. मला मात्र दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो: फुटला तर कुठवर येईल? खालच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा तिकडेच वळले आहे, सांभाळून घ्या. जागेअभावी पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. डोंगरावर इतकी यंत्रं बसवतात, वर उपग्रह फिरतात. पावसाचा अंदाज सांगता येतो, मग उद्रेकाची तारीख का सांगता येत नाही?

उत्तर : नमस्कार. ढग दिसतात, त्यांचे फोटो काढता येतात. मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली काही किलोमीटरवर असतो आणि आपल्यापर्यंत पोचतात ते फक्त त्याच्या हालचालीचे परिणाम. तो वर सरकताना खडक तडकतात, म्हणजे बारीक बारीक भूकंप होतात. तो जागा करून घेतो तेव्हा जमीन फुगते. वरचा दाब कमी झाला की त्यात विरघळलेले वायू सुटतात. आणखी वर आला की झरे, जमीन, विवरातलं तळं तापू लागतं. वेधशाळा या चार गोष्टी रात्रंदिवस मोजत बसलेली असते.

मोजमाप किती बारीक असतं ते सांगते. जमिनीचा फुगवटा जीपीएस, उपग्रहांचं रडार आणि टिल्टमीटर यांनी मोजतात. टिल्टमीटर म्हणजे जमिनीचा कल मोजणारं यंत्र, त्याचं एकक मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीची ताठ पट्टी एका टोकाला फक्त एक मिलिमीटर उचलली, तर जेवढा कल येईल तेवढा एक मायक्रोरेडियन. सल्फर डायऑक्साइड वायू तर डोंगरापासून लांब उभं राहून मोजता येतो, कारण तो सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषतो. कार्बन डायऑक्साइड त्याच्या आधी, बऱ्याच खोलीवरच सुटायला लागतो. म्हणून या दोन वायूंचं प्रमाण कार्बन डायऑक्साइडच्या बाजूला झुकलं की खालून ताजा मॅग्मा येत असल्याची शंका घेतात.

एवढं सगळं जुळवलं तरी कळतं ते इतकंच की काहीतरी वर येतंय. ते वाटेतच थबकून गार होऊ शकतं, आणि पुष्कळदा तसंच होतं.

फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचं उदाहरण मी प्रत्येक वेळी देते, कारण त्यात जमलेलंही दिसतं आणि न जमलेलंही. सुमारे ५०० वर्षं गप्प असलेला हा डोंगर. २ एप्रिल १९९१ रोजी त्याच्या उतारावर वाफेचे स्फोट झाले. फिलिपिन्सची ज्वालामुखी संस्था फिव्होल्क्स आणि मदतीला आलेलं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचं पथक, दोघांनी मिळून घाईघाईनं भूकंपमापक बसवले. १३ मे रोजी डोंगरातून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड येत होता. २८ मे रोजी तो आकडा ५,००० टनांच्या वर गेला. आणि जूनच्या सुरुवातीला एकदम सुमारे २६० टनांवर उतरला.

एखादा अननुभवी माणूस इथं सुटकेचा श्वास टाकेल. त्या लोकांनी उलटा अर्थ लावला: वायू कमी झालेला नाही, त्याची वाट बुजली आहे. भूकंप तर वाढतच होते. ७ जूनला विवरापाशी लाव्हाचा छोटा घुमट वर आलेला दिसला.

त्यांनी इशाऱ्याच्या पाच पातळ्या ठरवल्या होत्या. चौथीचा अर्थ, २४ तासांत उद्रेक शक्य. ७ जूनला ती जाहीर झाली. पहिला मोठा स्फोट झाला १२ जूनला. म्हणजे ‘केव्हा’चं उत्तर काही दिवसांनी हुकलं. पण त्याच दिवसांत लोकांना हलवण्याचं वर्तुळ १० किलोमीटरवरून २०, मग ३०, शेवटी ४० किलोमीटर असं वाढवत नेलं गेलं. १० जूनला जवळचा क्लार्क हवाई तळ रिकामा झाला. १५ जूनला डोंगर खऱ्या अर्थानं फुटला, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक, तेव्हा त्या वर्तुळातले हजारो लोक बाहेर होते. ‘कुठवर’चं उत्तर बरोबर आलं होतं.

दैव मात्र एवढ्यावर थांबलं नाही. नेमकं त्याच दिवशी युन्या नावाचं चक्रीवादळ तिथून गेलं. पावसात भिजलेली राख छपरांवर साचली आणि छपरं कोसळली. त्या दिवसांतले बहुतेक मृत्यू असे झाले.

आता तुमच्या बाजूनंही एक मुद्दा मांडते. हवाईतला किलाउआ डिसेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं लाव्हाचे कारंजे उडवू लागला. एक कारंजं संपलं की जमीन पुन्हा फुगू लागे, आणि आधीच्या वेळी किती फुगल्यावर कारंजं उडालं हे नोंदलेलं असे. त्यावरून तिथली वेधशाळा पुढच्या कारंज्यासाठी काही दिवसांचा अवधी सांगू शकली. तीच ती गोष्ट वरचेवर करणारा डोंगर वाचता येतो. पाच शतकांनी जागा होणाऱ्याची मागची वही कुणाकडे नसते.

प्रश्न : मॅडम, मी बारावी विज्ञान शाखेत आहे. ज्वालामुखीचे भूकंप आणि नेहमीचे भूकंप यंत्रावर वेगळे दिसतात का?

उत्तर : दिसतात, आणि हा माझा आवडीचा प्रश्न आहे. खडक तडकल्यानं होणारा भूकंप कुठंही झाला तरी नोंद सारखीच येते: एकदम धारदार सुरुवात, मग हळूहळू ओसरणं. डोंगराखाली मॅग्मा वाट फोडतो तेव्हा असे भूकंप झुंडीनं होतात. त्यांची जागा आणि खोली रोज नकाशावर मांडत गेलं की वाट कुठून कुठं चालली आहे ते दिसतं. आइसलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये असंच दिसलं. भूकंपांची रांग ग्रिंडाविक गावाखाली सरकत गेली, जीपीएसनं जमीन फाकत असल्याचं दाखवलं, आणि १० नोव्हेंबरच्या रात्री अख्खं गाव रिकामं केलं. उद्रेक झाला १८ डिसेंबरला. लाव्हा गावातल्या घरांपर्यंत पोचला तो १४ जानेवारी २०२४ रोजी.

दुसरी जात लांब लहरींची. यात खडक फुटत नाही. भेगांमधला वायू किंवा द्रव हलतो आणि भेगेच्या भिंती घुमतात. पाण्याच्या नळात हवा अडकली की नळ जसा घरभर घुमतो, तसंच काहीसं. नोंद सुस्त सुरू होते, एकाच सुरात चालते. हेच घुमणं न थांबता मिनिटं, तास, दिवस चाललं तर त्याला ट्रेमर म्हणतात. ट्रेमर वाढू लागला की वेधशाळेत कुणी घरी जात नाही.

या जातीतली एक नोंद तू मुद्दाम शोधून बघ. कोलंबियातल्या गालेरास डोंगराखालून येणाऱ्या काही लहरी कागदावर हुबेहूब स्क्रूसारख्या दिसत: डोक्याशी जाड, मग लांबच लांब निमुळत्या. स्पॅनिशमध्ये त्यांचं नावच तोर्नियो, म्हणजे स्क्रू. जुलै १९९२ च्या स्फोटाआधी त्या दिसल्या होत्या. जानेवारी १९९३ मध्ये ज्वालामुखीतज्ज्ञांची बैठक जवळच्या पास्तो शहरात भरली. डोंगर वरून शांत होता, नोंदीत अशा थोड्या लहरी येत होत्या. १४ जानेवारीला एक तुकडी विवरात उतरलेली असताना स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. आता अशा लहरी कितीही थोड्या असल्या तरी गालेरासला त्या कुणी दुर्लक्षित करत नाही. परीक्षेत याचे गुण मिळायचे नाहीत, तरी लक्षात ठेव.

प्रश्न : आम्ही साठीच्या आसपासचे चार मित्र एका ज्वालामुखीच्या शिखरावर चढायला जाणार आहोत. त्याची धोक्याची पातळी सगळ्यात खालची, म्हणजे १ आहे. निर्धास्त जावं ना?

उत्तर : जा, पण निर्धास्त नको.

जपानमधल्या ओन्ताके डोंगराची पातळी २७ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी १ हीच होती. शनिवार, स्वच्छ हवा, झाडांना पानगळीचे रंग चढलेले. माणसं शिखरावर जेवायला टेकली होती. ११ वाजून ५२ मिनिटांनी डोंगर फुटला. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ जण. बहुतेकांचा जीव उडून आलेल्या दगडांनी घेतला. यंत्रांनी काही दाखवलं होतं का? सप्टेंबरच्या १० आणि ११ तारखेला भूकंप वाढले होते, पुन्हा कमी झाले. स्फोटाच्या दिवशी ट्रेमर सुरू झाला ११ वाजून ४१ मिनिटांनी. म्हणजे अकरा मिनिटं.

हा वाफेचा स्फोट होता. मॅग्मा वर येत नाही, खाली तापलेलं पाणी एकाएकी वाफ होऊन वरचा खडक उडवतं. त्यामुळे जमीन फुगणं, वायू वाढणं वगैरे मोठ्या खुणा दिसतीलच असं नाही. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी असाच स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, २२ दगावली. तिथली पातळी तीन आठवड्यांपूर्वी, १८ नोव्हेंबरला, १ वरून २ केली होती. त्या देशाच्या मोजपट्टीत उद्रेक नसताना लागू शकणारी सर्वांत वरची पातळी २ हीच. पातळी ३ म्हणजे उद्रेक सुरू झाला आहे. ती मोजपट्टी आजची अवस्था सांगते, उद्याची जोखीम सांगत नाही. तुम्ही जाताय त्या देशाची मोजपट्टी कशावर बेतली आहे ते निघण्याआधी नक्की वाचा. देशोदेशी ती वेगळी असते.

ओन्ताकेनंतर जपानच्या हवामान संस्थेनं पातळी १ समोरचा ‘सामान्य’ हा शेरा काढून टाकला. त्या जागी आता ‘हा जागृत ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा’ अशा अर्थाचं वाक्य असतं. हा बदल मला फार आवडतो.

तर तुमच्यासाठी: निघायच्या सकाळी वेधशाळेचं ताजं पत्रक वाचा, आठवड्यापूर्वीचं चालणार नाही. हेल्मेट, गॉगल आणि चांगला मास्क पिशवीत असू द्या. चढताना आडोसा कुठं कुठं आहे ते पाहत जा. काँक्रीटचा निवारा किंवा मोठ्या खडकाची मागची बाजूही जीव वाचवते. विवराच्या काठावर फोटो काढा, डबा मात्र तिथं उघडू नका. जिथं दगड पडू शकतात तिथं जितका कमी वेळ, तितकं बरं. आणि बंदी घातलेल्या वर्तुळात ‘सगळेच जातात’ म्हणून कुणी न्यायला लागलं तर त्याच्या मागं जाऊ नका.

प्रश्न : लाव्हाची दृश्यं पाहून धडकी भरते. ज्वालामुखीत सर्वांत जास्त माणसं लाव्हामुळेच मरत असतील ना?

उत्तर : नाही. लाव्हा घरं, शेतं, रस्ते गिळतो, पण बहुतेक वेळा माणूस चालत त्याच्या पुढं जाऊ शकतो. अपवाद आहेत. काँगोमधल्या न्यीरागोंगोचा लाव्हा इतका पातळ की उतारावरून धावतो. २२ मे २०२१ रोजी तो फारशी पूर्वसूचना न देता गोमा शहराच्या वेशीपर्यंत आला. पण एकंदरीत लाव्हाला कॅमेऱ्याचं प्रेम जास्त मिळतं. रात्रीचे लाल ओघळ दाखवणाऱ्या बातम्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

माणसं जातात ती दोन गोष्टींनी. पहिली, तापलेली राख, दगड आणि वायू यांचा जमिनीलगत धावणारा लोट. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर, तापमान कित्येक शे अंश. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरच्या पेले डोंगरातून आलेल्या लोटानं सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८,००० माणसं. यातून पळता येत नाही. तो यायच्या आधीच लांब असावं लागतं. मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्यानं असे लोट आयुष्यभर चित्रित केले, अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना ते नेमके काय असतात हे डोळ्यांनी दिसावं म्हणून. त्यांची चित्रफीत पिनाटुबोच्या पायथ्याशी दाखवली जात होती त्याच सुमारास, ३ जून १९९१ रोजी, जपानच्या उन्झेन डोंगरावर अशाच लोटात ते दोघं आणि त्यांच्यासोबत अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी ग्लिकेन गेले. त्या दिवशी एकूण ४३ जण.

दुसरी गोष्ट लाहार: राख, दगड आणि पाणी यांचा ओल्या काँक्रीटसारखा दाट पूर, नदीच्या पात्रातून येणारा. आणि इथं ‘कुठवर’ हा प्रश्न अगदी निर्णायक ठरतो, कारण लाहार डोंगर न दिसणाऱ्या गावातही पोचतो.

कोलंबियातल्या नेवादो देल रुईसचं शिखर बर्फाळ. १९८५ मध्ये तो वर्षभर धुमसत होता. ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला, वर्तमानपत्रांत छापून आला, आणि आर्मेरो गाव त्यात लाहारच्या वाटेवर स्पष्ट दाखवलेलं होतं. दाखवायला नकाशाच हवा होता असंही नाही. १८४५ मध्ये लाहारनं तिथंच सुमारे हजार माणसं मारली होती आणि गाव त्याच जुन्या गाळावर वसलं होतं. १३ नोव्हेंबरला दुपारनंतर गावात राख पडू लागली. लोकांना शांत राहा, घरात थांबा असं सांगितलं गेलं. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. ज्वालामुखीच्या हिशेबानं तो लहानच. तप्त लोटांनी शिखरावरच्या बर्फाचा साधारण दहावा भाग वितळवला, आणि ते पाणी दऱ्यांतून गाळ, दगड उचलत निघालं. आर्मेरो पात्राच्या वाटेनं सत्तरहून अधिक किलोमीटर लांब. लाहार तिथं पोचला साडेअकराच्या सुमारास.

मध्ये जवळजवळ अडीच तास होते. उंच जमीन पायी जाण्याच्या अंतरावर होती. मृतांची संख्या सुमारे २३,०००.

मी ही घटना वाचते तेव्हा मला शास्त्राचा राग येत नाही. नकाशा बरोबर होता, लाहार त्यात दाखवलेल्या जागीच आला. मधली साखळी तुटली: कुणी ठरवायचं, कुणी कुणाला फोन करायचा, भोंगा कुणी वाजवायचा. यानंतर, १९८६ मध्ये, अमेरिकेनं परदेशी वेधशाळांच्या मदतीला धावणारं ते पथक उभं केलं, जे पुढे पिनाटुबोला गेलं. आज काही डोंगरांवर पात्रालगत जमिनीत यंत्रं पुरून ठेवतात. लाहारच्या कंपनानं ती जागी होतात आणि खालच्या गावाला आपोआप इशारा जातो. अमेरिकेत माउंट रेनिअरच्या पायथ्याशी अशी व्यवस्था आहे, आणि तिथली हजारो शाळकरी मुलं दप्तरं टाकून उंचावर चालत जाण्याचा सराव करतात. त्या खोऱ्यातल्या ऑर्टिंग गावाला लाहार यायला साधारण तासाभराचा अवधी मिळेल असा हिशेब आहे.

प्रश्न : आजी, मी पाचवीत आहे. यंत्रं नसतील तर डोंगर मोजता येतो का?

उत्तर : येतो रे बाळा. आणि एका पोस्टमास्तरनं मोजलाय.

जपानमध्ये मिमात्सु मासाओ नावाचे पोस्टमास्तर होते. १९४३ च्या शेवटी त्यांच्या भागात खूप भूकंप व्हायला लागले आणि मग उसु डोंगराजवळचं चक्क गव्हाचं शेत वर येऊ लागलं! तेव्हा युद्ध चालू होतं. यंत्रं नाहीत, कागदाचीसुद्धा टंचाई, शास्त्रज्ञांना यायला सवड नाही. मिमात्सुंनी काय केलं माहीत आहे? पोस्टाच्या मागं आडव्या दोऱ्या ताणून बांधल्या आणि हनुवटी टेकायला एक जागा पक्की केली. रोज त्याच जागी हनुवटी टेकायची, म्हणजे डोळा हलत नाही, आणि दोऱ्यांमधून डोंगराची कड कुठवर आली ते कागदावर काढायचं. १९४५ पर्यंत काढत राहिले. शेताचा डोंगर झाला, सुमारे ४०० मीटर उंच. त्याचं नाव शोवा शिन्झान. १९४८ मध्ये त्यांचं चित्र नॉर्वेत ज्वालामुखीतज्ज्ञांच्या परिषदेत दाखवलं तेव्हा सगळे थक्क झाले, कारण डोंगराचा जन्म असा आखून कुणीच ठेवला नव्हता.

तू घराच्या खिडकीतून समोरच्या झाडाची वाढ अशी काढून बघ. हनुवटीची जागा मात्र बदलू नकोस.

प्रश्न : लोकांना हलवलं आणि उद्रेक झालाच नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकणार? अशा खोट्या इशाऱ्यांची जबाबदारी कुणाची?

उत्तर : तुमच्या पत्रातला राग समजू शकते. घर, गुरं, धंदा सोडून आठवडेच्या आठवडे छावणीत राहणं सोपं नसतं.

ग्वादलूप बेटावर १९७६ मध्ये तसं झालं. सूफ्रिएर डोंगर वाफेचे स्फोट करू लागला, ऑगस्टमध्ये सत्तर हजारांहून अधिक लोक हलवले आणि काही महिने परतू दिले नाहीत. फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ आरून ताझिएफ म्हणत होते ही नुसती वाफ आहे, लोकांना घरी पाठवा. भूरसायनतज्ज्ञ क्लोद आलेग्र यांची बाजू होती की धोका पत्करता येणार नाही. भांडण वर्तमानपत्रांत गेलं. मोठा उद्रेक झाला नाही. इटलीत पोत्सुओलीखालची जमीन १९८२ ते १९८४ मध्ये सुमारे १.८ मीटर वर आली, ४०,००० माणसांना घरं सोडावी लागली, आणि मग जमीन वर यायची थांबली. तिथंही काही फुटलं नाही.

याला मी खोटा इशारा म्हणणार नाही. जमीन खरंच उचलली होती. त्या दिवशी हाती असलेल्या नोंदींवरून काय दिसत होतं, यावर निर्णय तोलायचा. नंतर काय झालं यावर तोललं तर कुणीच शास्त्रज्ञ तोंड उघडणार नाही. लोकांना कशाच्या आधारावर हलवलं आणि कशाच्या आधारावर परत पाठवणार हे मात्र पहिल्या दिवशीच उघड सांगायला हवं. तुमचा राग तिथं रास्त आहे.

उलट बाजूचा एक दगड जपानमधल्या साकुराजिमावर उभा आहे. जानेवारी १९१४ मध्ये तिथं भूकंप सुरू झाले, विहिरींचं पाणी बदललं. गावच्या प्रमुखानं वेधशाळेला विचारलं, उत्तर आलं की काळजीचं कारण नाही. पुष्कळ लोक आपल्या बुद्धीनं आधीच निघून गेले. ज्यांनी उत्तरावर भरवसा ठेवला त्यांच्यावर १२ जानेवारीला समुद्रात उड्या टाकायची वेळ आली, काही बुडाले. १९२४ मध्ये गावानं शिळा उभारली. तिच्यावर कोरलं आहे की रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबू नये, काही विपरीत दिसताच निघायची तयारी करावी. शास्त्रात काम केलेल्या बाईला हे वाचून वाईट वाटायला हवं. मला ती शिळा पटते.

आणि इशारा ऐकल्यानं काय होतं हे हवं असेल तर इंडोनेशियाचा मेरापी पाहा. २५ ऑक्टोबर २०१० रोजी १० किलोमीटरचं वर्तुळ रिकामं करायला सांगितलं, दुसऱ्याच दिवशी पहिला उद्रेक. शिखर ढगात असल्यानं डोळ्यांना काही दिसेना. उपग्रहाच्या रडारनं ढगांआडून दाखवलं की विवरातला घुमट झपाट्यानं वाढतोय. ३ नोव्हेंबरला वर्तुळ १५ किलोमीटर केलं, ५ तारखेला मध्यरात्रीनंतर २० किलोमीटर. त्याच रात्री तप्त लोट एका नदीच्या दरीतून सोळा किलोमीटरांच्या आसपास खाली आला. तीनशेहून अधिक लोक गेले, त्यात डोंगराचे पारंपरिक राखणदार म्हातारे मरिजान होते, जे २६ ऑक्टोबरला हलायला तयार झाले नाहीत. पण जे निघाले त्यांच्यातले १०,००० ते २०,००० जीव वाचले असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

थोडक्यात काही उत्तरं.

‘राख अंगणात पडली तर पाण्यानं धुवावी का?’ आधी छपरावरची कोरडी असतानाच, थोडी थोडी, मास्क आणि गॉगल लावून उतरवा. ही लाकडाची राख नाही. दगड आणि काच यांचा भुगा आहे, पाण्यात विरघळत नाही. दहा सेंटिमीटरचा ओला थर दर चौरस मीटरला शंभर किलोहून जास्त भरतो. गटारात सोडलीत तर ती सिमेंटसारखी बसते. गाडीचे वायपर कोरडे चालवू नका, काच कायमची ओरखडते. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा.

‘विमानाला राखेचा इतका धसका का?’ इंजिनाच्या आतलं तापमान राखेतल्या काचेला वितळवतं, आणि ती पुढच्या पात्यांवर थापली जाते. २४ जून १९८२ रोजी इंडोनेशियातल्या गालुंगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली. राखेतून खाली उतरल्यावर ती पुन्हा सुरू झाली. आता जगाचं आकाश नऊ केंद्रांनी वाटून घेतलं आहे. ती राखेच्या ढगाचा माग ठेवतात आणि वैमानिकांना कळवतात.

‘भारतात जागृत ज्वालामुखी आहे का?’ आहे, अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. सुमारे दीडशे वर्षांहून जास्त गप्प राहून १९९१ मध्ये ते पुन्हा जागं झालं आणि त्यानंतर अनेकदा धुमसलं आहे. बेटावर वस्ती नाही, म्हणून त्याची चिंता जास्त करून विमानांना आणि जहाजांना.

‘मी रात्री एका डोंगराचा थेट कॅमेरा बघत बसतो. विवर अचानक लाल दिसतं, तो उद्रेक समजायचा का?’ बहुधा नाही. रात्रीचे कॅमेरे अवरक्त किरणांनाही टिपतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी उष्णताही त्यात झगझगीत दिसते. ढग खाली आले, चंद्र वर आला, तरी चित्र बदलतं. असं काही दिसलं तर त्याच वेळेची कंपनांची नोंद उघडून बघा; बहुतेक वेधशाळा ती लोकांसाठी खुली ठेवतात. रेघ नेहमीसारखी बारीक असेल तर खुशाल झोपा. जाड होत चालली असेल, तर जागत राहायला हरकत नाही, मी पण जागीच असेन.